अल्डी-लिडलच्या मधल्या रांगेतून सायकलचं सामान: ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

ब्रिटनमध्ये आल्यावर पहिल्या महिन्यात अल्डी किंवा लिडल या स्वस्त सुपरमार्केटांची पायरी चढला नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. दूध, कांदे, अंडी घ्यायला जावं आणि मधल्या रांगेत पाय थबकावेत. एका खोक्यात ड्रिल मशीन, शेजारी योगाची चटई, त्याच्या पलीकडे सायकलच्या चड्ड्या. घरून यादी आणलेली असते फक्त दुधाची, आणि परत येताना पिशवीत पंप असतो.

हा लेख त्या पंपासाठी आहे. ज्यांनी कामावर सायकलने जायचं ठरवलंय, जुनी सायकल दीड-दोनशे पौंडांत मिळवली आहे आणि आता हातमोजे, दिवे, रेनकोट, हत्यारं यांचा खर्च सायकलच्या वर जाईल की काय अशी धास्ती वाटते आहे, त्यांनी मधल्या रांगेत जरूर जावं. फक्त तयारीने जावं.

आधी सायकलपाशी बसा

माझी पहिली खरेदी फसली, त्यात दुकानाचा काडीचाही दोष नव्हता. स्वस्त दिसल्या म्हणून दोन ट्यूब उचलल्या आणि घरी येऊन टायर उघडलं, तर व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून आतच जाईना. भोक बारीक, व्हॉल्व्ह जाड. त्या दोन ट्यूब दोन वर्षं कपाटात पडून होत्या.

म्हणून पहिली पायरी दुकानात नाही, घरी. सायकलशेजारी मांडी घालून बसा आणि चार गोष्टी फोनमध्ये टिपून घ्या.

पहिली म्हणजे टायरच्या कडेवरचा आकडा. तिथे ‘७०० × २८ सी’ असं काहीतरी असेल आणि जवळच बारीक अक्षरात ‘२८-६२२’. खरा कामाचा आकडा हा दुसरा. पुढचा २८ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि ६२२ म्हणजे रिमवर जिथे टायर बसतं तिथला व्यास. इंचांवर विसंबू नका. जर्मन पद्धतीच्या खोक्यावर ‘२८ इंच’ लिहिलेलं असतं तेव्हा त्यांना बहुतेक वेळा हाच ६२२ अभिप्रेत असतो. आपल्याकडच्या उंच काळ्या सायकलीचं ‘अठ्ठावीस, दीड’ टायर मात्र ६३५चं. नाव एकच, माप वेगळं. जुन्या माउंटन बाइकचं २६ इंची टायर ५५९चं असतं. ट्यूबच्या खोक्यावर रुंदीची रेंज दिलेली असते, तुमचा आकडा त्या रेंजमध्ये बसला की झालं.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्ह. गावाकडे व्हॉल ट्यूबचा रबर बदलत मोठे झालेल्यांना इथे तो प्रकार क्वचितच दिसेल. इथे दोन जाती आहेत. श्रेडर म्हणजे स्कूटर-मोटारीला असतो तसा जाडसर. प्रेस्टा म्हणजे बारीक, लांबुडका, टोकाला एक चिमुकली घुंडी असलेला. ती घुंडी आधी सैल करून बोटाने दाबायची, ‘फुस्स’ झालं की मग पंप लावायचा. हे माहीत नसल्यामुळे नवा पंप बिघडलेला आहे असं समजून परत करायला निघालेले लोक मी पाहिले आहेत.

तिसरी गोष्ट हँडलची जाडी, जिथे दिवा लावणार तिथली. जुन्या हँडलवर साधारण २५ मिलिमीटर, नव्या रोड सायकलींच्या मध्यभागी ३१.८. रबरी पट्ट्याचा दिवा कुठेही बसतो, क्लॅम्पचा नाही.

चौथी गोष्ट तुमची स्वतःची मापं. कपाळावरून डोक्याचा घेर, छाती, कंबर, सगळं सेंटीमीटरमध्ये. या दुकानांत कपडे घालून बघायची खोली नसते.

कधी जायचं

ही दुकानं सायकलचं सामान बारा महिने ठेवत नाहीत. माल एकदा येतो, संपला की संपला. मोठी आवक वसंतात, दिवस मोठे व्हायला लागले की. थंडीचे कपडे, जाड हातमोजे वगैरे शरदाच्या सुमारास. आठवड्यातले मालाचे वार साधारणपणे गुरुवार आणि रविवार. पत्रक काही दिवस आधी दुकानाच्या दाराशी आणि अ‍ॅपमध्ये येतं, ते बघून ठेवा.

रविवारी जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४च्या कायद्यानुसार मोठ्या दुकानांना रविवारी सलग सहाच तास उघडं राहता येतं, तेही सकाळी १० ते संध्याकाळी ६ यांच्या दरम्यान. पाच वाजता आरामात निघालात तर बंद दाराचं दर्शन होईल. स्कॉटलंडमध्ये हे बंधन नाही.

मी गुरुवारी सकाळी कामावर जाताना जातो. मधली मापं, म्हणजे एम आणि एल, पहिल्या दिवशीच उडतात. खिशात एक पौंडाचं नाणं ठेवा, ट्रॉलीला लागतं. आणि काउंटरवरच्या वेगाने घाबरून जाऊ नका. सामान परत ट्रॉलीत ढकलायचं आणि खिडकीशेजारच्या फळीवर जाऊन निवांत भरायचं, अशीच तिथली रीत आहे.

लिडलमध्ये ‘क्रिव्हिट’ हे नाव दिसेल, अल्डीत ‘बाइकमेट’ किंवा ‘क्रेन’. ही दुकानांची स्वतःची नावं. आतला माल दर खेपेला त्याच कारखान्यातून आलेला असेलच असं नाही, त्यामुळे ‘मित्राने दोन वर्षांपूर्वी घेतलेली चड्डी मस्त होती’ ही शिफारस अर्धीच धरा. वस्तू हातात घेऊन बघा.

(लिडलचं नाव २०२३पासून टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत पळणाऱ्या एका संघाच्या जर्सीवर आहे. म्हणून मधल्या रांगेतली जर्सी घालून चढ सोपे होत नाहीत. मी प्रयत्न करून पाहिला आहे.)

बिनधास्त घ्यावं असं

उभा पंप, ज्याला पाय देऊन दोन्ही हातांनी मारतात तो. दहा पौंडांच्या आसपास मिळणारा हा पंप म्हणजे मधल्या रांगेतली सगळ्यात शहाणी खरेदी. खोक्यावर तीन गोष्टी बघा: दाब दाखवणारा काटा आहे का, प्रेस्टा आणि श्रेडर दोन्हींना चालतो का, आणि नळी जमिनीवर ठेवलेल्या पंपापासून चाकाच्या वरच्या बाजूपर्यंत पोचेल एवढी लांब आहे का. काट्यावर बार आणि पीएसआय दोन्ही असतात. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. किती भरायचं ते टायरच्या कडेवरच लिहिलेलं असतं, जिथून मघाशी माप घेतलं तिथेच. दर आठवड्याला हवा बघितली तर बरेचसे पंक्चर होतच नाहीत, कारण मऊ टायर खड्ड्याच्या कडेवर आपटलं की ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि तिला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

टायर काढायचे प्लास्टिकचे लिव्हर, पंक्चर किट, चेन पुसायचा ब्रश, चेनचं तेल: डोळे झाकून घ्या. तेलाच्या बाटलीवर ओल्या हवेसाठी की कोरड्या हवेसाठी ते लिहिलेलं असतं. ब्रिटनमध्ये कुठलं घ्यायचं हे सांगायला लागू नये.

हत्यारांबाबत थोडं थांबा. खिशात मावणारं मल्टीटूल वाटेतल्या अडचणीपुरतं ठीक आहे. त्यात ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अ‍ॅलन की आणि टी२५ची चांदणीच्या आकाराची की असली की बहुतेक सायकलींचं भागतं. पण अ‍ॅलन कीचं टोक नीट बघा. कडा धारदार, सहा बाजू स्पष्ट दिसायला हव्यात. टोक आधीच गोलसर दिसत असेल तर ते बोल्टमध्ये गरगर फिरेल, आणि बोल्टचं तोंड एकदा झिजलं की पाच पौंडांच्या बचतीपायी मेकॅनिकचे तीस द्यावे लागतील. घरी वापरायला एल आकाराच्या वेगळ्या कींचा संच घ्या, हाताला जोर मिळतो.

सायकल टांगून ठेवायचा स्टँड कधीकधी येतो. घरात कोपरा रिकामा असेल तर दोनदा विचार करू नका. गियर जुळवायला मागचं चाक हवेत फिरायला हवं, आणि सायकल उलटी करून सीटवर उभी करण्याचे आपले बालपणीचे उद्योग डिस्क ब्रेकच्या तेलाला मानवत नाहीत. फक्त तो घरी नेणार कसा ते आधी ठरवा. मी बसमधून नेला. ड्रायव्हरने आधी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या सायकलच्या हेल्मेटकडे, आणि काही न बोलता मान हलवली.

कपडे

खरी बचत इथे आहे. नावाजलेल्या ब्रँडच्या एका चड्डीच्या पैशांत इथे चार-पाच येतात.

पॅडवाली चड्डी बघताना ती उलटी करा. आतल्या पॅडवर अंगठा दाबा. सगळीकडे सारखाच, गादीच्या स्पंजासारखा मऊ असेल आणि अंगठा थेट तळाला टेकत असेल, तर तासाभराने तिचा उपयोग संपेल. बसताना जी दोन हाडं टेकतात त्यांच्याखाली पॅड जास्त घट्ट आणि मध्ये पातळ हवं. मग पॅडच्या कडेची शिवण बोटाने चाचपा. मांडीच्या आतल्या बाजूला शिवणीची कड बोटाला टोचली, तर ती दहा मैलांनी कुठे टोचेल याचा अंदाज करा. बायकांच्या आणि पुरुषांच्या पॅडचा आकार वेगळा असतो, त्यामुळे ‘चालतंय की’ म्हणून दुसरी उचलू नका. खांद्यावरून पट्टे असलेला प्रकार दिसायला विनोदी असतो, पण कंबरेला इलॅस्टिक काचत नाही आणि वाकल्यावर पाठ उघडी पडत नाही.

आता जे कुणी स्पष्ट सांगत नाही ते. या चड्डीच्या आत काहीही घालायचं नाही. हो, काहीही नाही. आतल्या कपड्याच्या शिवणी पॅड आणि कातडी यांच्या मध्ये आल्या की घासतात, आणि मग पॅडला दोष दिला जातो. लाज वाटत असेल तर वरून नेहमीची ढगळ हाफपँट घाला, मी कामावर जाताना तेच करतो. याच कारणाने ती प्रत्येक फेरीनंतर धुवावी लागते, म्हणून दोन घ्या. धुताना उलटी करून धुवा आणि फॅब्रिक कंडिशनर टाकू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड घाम ओढेनासं होतं.

जर्सी युरोपियन मापाच्या आणि अंगाला चिकटून बसणाऱ्या असतात. पोळी-भाताचं पोट असेल तर एक माप वरचं घ्या. लेबलवर देशोदेशीची मापं शेजारी शेजारी छापलेली असतात, त्यात गोंधळून न जाता सेंटीमीटर बघा.

रेनकोटच्या बाबतीत ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘वॉटर रिपेलंट’ या दोन शब्दांतला फरक महागात पडतो. दुसऱ्याचा अर्थ पाणी थोडा वेळ घरंगळून जाईल, इतकाच. खात्री करायची तर जॅकेट आतून उलटं करून शिवणींवर पट्टी चिकटवलेली आहे का बघा. पट्टी नसेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाऊस आत येणार, मुसळधार नसला तरी येणार. लेबलवर कधी पाण्याच्या स्तंभाची उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असते. आकडा जितका मोठा तितका जास्त दाब कापड सोसतं. पण पाणी बाहेर ठेवणारं स्वस्त कापड बहुधा घामही आत कोंडून ठेवतं. वीस मिनिटांच्या वाटेला मी जॅकेटच्या काखेत हवेची भोकं आहेत का एवढंच बघतो आणि मडगार्ड लावतो. इथला पाऊस वरून कमी आणि मागच्या चाकावरून जास्त भिजवतो.

चमकत्या पिवळ्या रंगाबद्दल एक गैरसमज आहे. तो फ्लुरोसंट रंग दिवसा कामाला येतो, सूर्यप्रकाशातली अतिनील किरणं शोषून तो उजळतो. रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली त्याची जादू ओसरते. रात्री उपयोगी पडतात त्या राखाडी परावर्तक पट्ट्या, ज्या गाडीचा प्रकाश थेट ड्रायव्हरकडे परत फेकतात. घोट्याजवळ असतील तर उत्तम, कारण पाय वरखाली होतात आणि लांबूनच कळतं की पुढे माणूस पायडल मारतोय.

हातमोजे घालून मूठ वळा, ब्रेक दाबल्यासारखी दोन बोटं ओढा. तळव्यात कापडाची घडी पडली तर ते माप तुमचं नाही.

शिक्का बघून मगच घ्यावं असं

हेल्मेट. ब्रिटनमध्ये सायकलला हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, हायवे कोड, म्हणजे रस्त्याच्या नियमांचं सरकारी पुस्तक, फक्त शिफारस करतं. स्वस्त हेल्मेट म्हणजे कच्चं हेल्मेट असं नाही. आतल्या स्टिकरवर ‘ईएन १०७८’ हे युरोपियन मानक असेल तर त्याने महागड्या हेल्मेटांनाही द्यावी लागते ती किमान चाचणी दिली आहे. जास्तीचे पैसे मुख्यतः वजन, हवा आणि दिसणं यांचे. ते डोक्यावर सरळ बसवा, भुवयांच्या वर दोन बोटं जागा ठेवा, हेल्मेटच्या मागचं छोटं चाक फिरवून घट्ट करा आणि पट्टा न लावता मान झटका. हललं नाही तर तुमचं. एकदा पडून आपटलं की वरून धड दिसलं तरी फेकून द्या, आतला फोम दबलेला असतो. या कारणासाठीच सेकंडहँड हेल्मेटपेक्षा मधल्या रांगेतलं नवं मी कधीही पसंत करेन.

दिव्यांची मात्र सक्ती आहे. सूर्यास्त ते सूर्योदय पुढे पांढरा, मागे लाल दिवा, मागे लाल परावर्तक, आणि सायकल १ ऑक्टोबर १९८५नंतर बनलेली असेल तर पायडलला पिवळसर केशरी परावर्तक. लुकलुकणारे दिवे चालतात. या दुकानांतल्या काही दिव्यांवर नागमोडी रेघ, ‘के’ अक्षर आणि एक आकडा कोरलेला असतो. ही जर्मन रस्त्यांसाठीची मान्यता. हा शिक्का दिसला तर खूश व्हा, कारण त्या दिव्याचा झोत वरच्या बाजूला कापलेला असतो, प्रकाश रस्त्यावर पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. शहरातल्या उजळ रस्त्यांना एवढं पुरतं. कालव्याकाठच्या किंवा गावाबाहेरच्या काळोख्या वाटेने जाणार असाल तर इथला छोटा दिवा ‘मी दिसावं’ यासाठी आहे, ‘मला दिसावं’ यासाठी नाही. तिथे पैसे घाला.

इथून घेऊ नका

कुलूप. मधल्या रांगेतली तारेची कुलपं पाव विकत घ्यायला दोन मिनिटं थांबण्यापुरती. सायकल दिवसभर स्टेशनबाहेर ठेवायची असेल तर ‘सोल्ड सिक्युअर’ या कुलपं तपासणाऱ्या संस्थेचा शिक्का असलेलं यू आकाराचं कुलूप सायकलच्या दुकानातून घ्या. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशी त्यांची चढती भाजणी आहे. विमा काढणार असाल तर आधी पॉलिसीत कुठलं लागतं ते वाचा. तारेचं कुलूप दाखवून दावा करायला गेलात तर हात हलवत परत याल.

नोकरीच्या ठिकाणी ‘सायकल टू वर्क’ योजना आहे का तेही विचारा. पगारातून कर कापण्याआधी पैसे वळते होतात, आणि सायकलबरोबर हेल्मेट, कुलूप, दिवेही त्यात बसतात. महाग वस्तू तिथून, किरकोळ मधल्या रांगेतून.

ब्रेक पॅड आणि आख्खी सायकल मी या रांगेतून घेत नाही. पॅडचे प्रकार इतके आहेत की नेमका आपला मिळणं म्हणजे लॉटरी. आणि सायकल कुणीतरी जुळवून, ब्रेक तपासून हातात द्यावी हे नवख्या माणसासाठी मोलाचं असतं. खोक्यातून निघालेली सायकल ते काम तुमच्यावर टाकते.

घरी आल्यावर

काउंटरवरून निघण्याआधी पावतीचा फोटो काढा. त्या कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात. २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे सदोष निघालेली वस्तू ३० दिवसांच्या आत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दोष मुळातच होता असं धरलं जातं आणि दुकानाला दुरुस्ती किंवा बदली करून द्यावी लागते. नुसतं ‘आवडलं नाही’ यासाठी कायदा मदत करत नाही, तिथे दुकानाचे नियम चालतात. लिडलच्या वस्तूंवर आणि माहितीपत्रकावर ‘आयएएन’ नावाचा क्रमांक असतो, त्याचाही फोटो घ्या. सुटे भाग किंवा हरवलेलं माहितीपत्रक मागायचं झालं तर तोच विचारतात.

मग लगेच वापरा. पंपाने दोन्ही टायर भरून बघा. दिवे पूर्ण चार्ज करून रात्रभर चालू ठेवा आणि किती वाजता विझले ते लिहा, खोक्यावरच्या तासांवर जाऊ नका. जॅकेट घालून शॉवरखाली पाच मिनिटं उभे राहा. घरचे हसतील, हसू द्या. एका दुकानातून घेतलेल्या माझ्या जॅकेटचा डावा खांदा याच परीक्षेत नापास झाला आणि तिसऱ्या दिवशी पैसे परत मिळाले. तेच जॅकेट मी ‘पावसाळा येईल तेव्हा बघू’ म्हणून ठेवलं असतं तर महिना उलटून गेला असता.

दोन-तीन आठवड्यांनी दूध आणायला गेलात की मधल्या रांगेतून पुन्हा एक चक्कर मारा. उरलेल्या मालावर किंमत कमी केल्याचे स्टिकर लागलेले असतात. विचित्र मापाच्या जर्सी, एकटीच उरलेली हातमोज्यांची जोडी, आणि तळाशी पडलेली पंक्चर किट. ती किट उचला. सोल्युशनची नळी एकदा उघडली की आतल्या आत वाळून जाते, आणि हे आपल्याला नेमकं पावसात, रस्त्याच्या कडेला बसल्यावर कळतं.